सरकारी दंतवैद्यांचं मानधन आणि काम: अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर पुन्हा सही करावी का?

कळव्याची_मुग्धा | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बीडीएस. ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आठ वर्षं कंत्राटी दंतशल्यचिकित्सक आहे. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. ती संपली की एक दिवसाचा ब्रेक, मग नवी ऑर्डर, नवा बाँडपेपर. कागदोपत्री मी आठ वर्षांत नऊ वेळा नव्याने नोकरीला लागलेय. मानधन तीस हजार, त्यातून व्यवसाय कर जातो. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडले तर दिवस कापला जातो. मागच्या वर्षी दोनदा तीन-तीन महिने पैसेच आले नाहीत.

पण आज लिहायला बसले ते पगारामुळे नाही. मंगळवारी एक सोळा वर्षांची मुलगी आली, आईबरोबर. उजवीकडची खालची दाढ, आमच्या भाषेत शेहेचाळीस नंबर. ही दाढ सहाव्या वर्षी येते. घरच्यांना ती दुधाची वाटते, पडेल आपोआप म्हणून कुणी बघत नाही. किडली होती, पण भिंती चांगल्या उभ्या होत्या. रूट कॅनॉल करून आणखी तीस-चाळीस वर्षं सहज चालली असती. माझ्याकडचा एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर चालणारं ड्रिल, पाच आठवडे बंद आहे. कॉम्प्रेसर जिन्याखाली मोरीशेजारी ठेवलाय, त्यात पाणी जातं आणि ते पाणी एअरोटरमध्ये येतं. दुरुस्तीचा करार संपलाय, नवा झालेला नाही. आईला बाहेर साडेपाच हजार सांगितले होते, वर कॅपचे वेगळे. म्हणाली, "मॅडम, काढूनच टाका."

काढली. ट्रेमध्ये ठेवली तर दोन्ही मुळं धडधाकट, कुठे जराही झिजलेली नाहीत. मुलगी तोंडात कापूस धरून मला "थँक्यू मॅडम" म्हणाली. तेव्हापासून झोप नीट नाही.

ऑर्डर या महिनाअखेर संपतेय. घोडबंदरला एका मोठ्या क्लिनिकमधून बोलावणं आलंय, पैसे दीडपट. इथे पुन्हा सही करू का? ज्यांनी सरकारी नोकरी धरली, सोडली, किंवा ज्यांचे दात सरकारी दवाखान्यात निघाले किंवा वाचले, सगळ्यांनी सांगा.

---

ऐरोली_लोकल | रविवार, रात्री १०.५८

सोळाव्या वर्षी पक्की दाढ गेली हे वाचून कसंतरी झालं. वाचतोय.

---

रोखठोक_राबोडी | रविवार, रात्री ११.२०

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडतो. आपल्याकडे डेंटिस्ट झालेत किती बघा. एकट्या नेरुळ-खारघर-कामोठे पट्ट्यात पाच दंत महाविद्यालयं आहेत. माझ्या पुतणीला पास झाल्यावर नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये महिना पंधरा हजार मिळत होते, तेही सकाळ-संध्याकाळ. बाजारात भाव पंधरा असताना सरकार तीस देतंय. मग अन्याय कसा? शिवाय तुमची ओपीडी दुपारी संपते. संध्याकाळी स्वतःचा दवाखाना टाकणारे मी पाहिलेत. करदात्याच्या पैशातून पगार द्यायचा तर हे प्रश्न येणारच.

---

सानपाडा_खुर्ची | रविवार, रात्री ११.४५

मी खाजगी, सतरा वर्षं. रोखठोक, पंधरा हजारांचा आकडा खरा आहे आणि त्याची आम्हालाच लाज वाटली पाहिजे. पण तुमची पुतणी तिथे दिवसाला किती पेशंट बघायची? आठ? दहा? हाताशी असिस्टंट, चालू खुर्ची, धुऊन-शिजवून ठेवलेली हत्यारं. वर शिकायला मिळायचं ते वेगळं. वर्ष-दीड वर्षात ती पुढे सरकली असणार. मुग्धा आठ वर्षं त्याच आकड्यावर आहे. फ्रेशरच्या भावाशी आठ वर्षांच्या हाताची तुलना करू नका.

संध्याकाळच्या दवाखान्याचं म्हणाल, तर ठाण्यात गाळ्याचं डिपॉझिट, खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर हे सगळं तीस हजारांत उभं राहत नाही. ज्यांचं उभं राहिलं त्यांच्या घरचं पाठबळ होतं.

---

कळव्याची_मुग्धा | सोमवार, सकाळी ६.५०

ओपीडीला निघण्याआधी थोडं लिहिते. रोखठोकदादा, राग अजिबात नाही, हा प्रश्न मला माझे सासरेही विचारतात.

हिशोब सांगते. सकाळची ओपीडी चार तास, म्हणजे २४० मिनिटं. केसपेपर सरासरी पंचेचाळीस. माणशी पाच मिनिटं. खालच्या दाढेला भूल दिल्यावर ओठ बधिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून मी एकाला इंजेक्शन देऊन बाकावर बसवते, दुसऱ्याला तपासते, मग पहिल्याला आत घेते. दात काढायचे माझ्याकडे चार सेट. ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर पंधरा मिनिटं लागतात असं पुस्तकात असतं, पण तापणं, वाफ सोडणं, सुकणं धरून पाऊण तास जातो. चार सेट संपले की थांबायचं. बाहेरून लोक दार वाजवतात. माझ्या मावशी दाराला पाठ लावून उभ्या राहतात आणि सांगतात, "बाबांनो, हत्यार शिजतंय, दुसऱ्याचं रक्त तुमच्या तोंडात घालायचं का?" त्या नसत्या तर कधीच मोह झाला असता.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं, माझा पूर्ण पाठिंबा आहे. रांग वाढली. खुर्ची एकच राहिली.

---

अण्णा_चरई | सोमवार, सकाळी ९.१५

मी लेखा विभागातून निवृत्त. मुग्धाताई, 'मानधन' या शब्दातच गोम आहे. पगार म्हटला की वेतनश्रेणी येते, महागाई भत्ता येतो, वार्षिक वाढ येते. मानधन म्हटलं की ठोक रक्कम. महागाई वाढो, घरभाडं वाढो, रक्कम तीच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं वार्षिक आराखड्यात मंजूर होतात. पैसा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा हप्ता उशिरा आला, राज्याचा हिस्सा सुटला नाही, की सगळ्यात आधी थांबतं ते कंत्राटी मानधन, कारण कायम कर्मचाऱ्यांचा पगार थांबवता येत नाही. मी स्वतः ती बिलं टेबलावर पडलेली पाहिलीत. फाईलवर माणसाचा चेहरा दिसत नाही.

कॉम्प्रेसरचंही तसंच. खुर्ची घ्यायला एकरकमी निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. पुढच्या वर्षीची देखभाल दुसऱ्या लेखाशीर्षात, ती कुणी मागतच नाही. तुम्ही इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लेखी टाकलंय का? आवक क्रमांकासह?

---

मिसळप्रेमी_ठाणे | सोमवार, सकाळी १०.३०

अवांतर: मामलेदारची तिखट मिसळ खाताना एका दाढेतून कळ थेट कानात जाते. डॉक्टर मंडळी आहेतच धाग्यावर, तर कोणती पेस्ट वापरू? आजी मीठ-तेल लावायची, तिचे सगळे दात शेवटपर्यंत शाबूत होते.

---

सानपाडा_खुर्ची | सोमवार, सकाळी १०.४२

पेस्ट बदलण्याआधी दाढ दाखवून या. कळ कानापर्यंत जातेय म्हणजे कीड नसेजवळ पोचलेली असू शकते. आत्ता गेलात तर कदाचित फिलिंगवर भागेल.

---

मिसळप्रेमी_ठाणे | सोमवार, सकाळी १०.४५

बरं. तोवर मध्यम तिखट.

---

दिव्याची_सुनंदा | सोमवार, दुपारी १.०५

मी रोजची वाचक, लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा. मिस्टर रिक्षा चालवतात. दिवसाला सुपारी-गुटख्याच्या पुड्या किती व्हायच्या ते मोजतच नव्हते. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे म्हणतात, आमच्या नाक्यावर कधी बंद झाला नाही. त्यांना तिखट सोसेना झालं, मग भाकरी मोडून तोंडात घालताना त्रास व्हायला लागला. ते म्हणायचे उष्णता आहे.

दात दुखला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी दात नंतर बघितला, आधी यांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दीडच गेली. बाईंनी आरसा हातात दिला आणि गालाच्या आतली पांढरी पडलेली कातडी यांना दाखवली. म्हणाल्या, "दादा, हे सुपारीने होतं. हे आता पहिल्यासारखं मऊ होणार नाही, पण आज थांबलात तर पुढचं टळेल." बाहेर एवढी रांग, तरी वीस मिनिटं बोलत बसल्या. मागचे लोक शिव्या देत होते. दर महिन्याला बोलावलं, तोंड उघडायचे व्यायाम दिले. एका चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. नशिबाने कॅन्सर निघाला नाही. चार वर्षं झाली, पुडी नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या बाई सोडून गेल्या. जागा रिकामी आहे. मिस्टर अजून त्यांचंच नाव घेतात. त्या तुम्ही नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही सोडून जाऊ नका असं सांगावंसं वाटतं. तुमच्या पोटापाण्याचं बघून काय ते ठरवा.

---

डॉ_रातपाळी | सोमवार, दुपारी ३.३०

सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. म्हणजे रांगेतला साधारण प्रत्येक चौथा. त्यांच्या तोंडात रोज बघणारा सरकारी माणूस दंतवैद्यच असतो. तिशीवरच्यांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, ती नीट व्हायला नीट बघणारा हात लागतो.

मी एमबीबीएस, कंत्राटी वैद्यकीय अधिकारी. मला मुग्धाच्या दुप्पट मिळतात. त्याचं समर्थन मी इमर्जन्सी, रात्रपाळी, पोस्टमॉर्टेम यांच्यावर करू शकतो, आणि काही प्रमाणात ते खरंही आहे. पण दुप्पट? ती पाच वर्षं शिकली, इंटर्नशिप धरून. मी साडेपाच. केंद्र सरकारच्या सेवेत कायम दंतवैद्यांना डॉक्टरांसारखाच व्यवसायरोध भत्ता (खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) मिळतो, मूळ वेतनाच्या २० टक्के. तिथे दोघांना एकाच रांगेत बसवता येतं, तर इथे का नाही?

---

नेरुळची_ऊर्मी | सोमवार, रात्री ९.१०

मीही कंत्राटी दंतवैद्य होते, पाच वर्षं. मुग्धा, कोविडमधलं तू लिहिलं नाहीस, मी लिहिते. मार्च २०२० नंतर दातांची ओपीडी जवळपास बंद झाली, कारण एअरोटरचा फवारा म्हणजे सरळ धोका. मग आम्हाला स्वॅबला लावलं. का, तर घशात बघायची सवय आम्हालाच. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविड सेंटर उभं राहिलं तेव्हा मी तिथेही होते. पीपीई किटमध्ये सहा तास, मध्ये पाणी नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की तुम्ही 'फक्त दातांचे' डॉक्टर. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. ऑर्डर अकरा महिन्यांचीच राहिली.

मी सोडलं ते बाळंतपणात. सातव्या महिन्यात ऑर्डर संपली. आस्थापनेतून सांगितलं, "मॅडम, आता ब्रेक घ्याच, बाळ झालं की नवीन ऑर्डर बघू." गोड बोलून सांगितलं, मीही हसून मान हलवली. घरी येऊन कळलं की मला काढून टाकलंय.

---

केतकी_वि | सोमवार, रात्री १०.२५

ऊर्मी, वाचून फार वाईट वाटलं, आणि चीडही आली. हे इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते. मी सेवाविषयक प्रकरणं बघणारी वकील आहे.

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कराराची मुदत मध्येच संपली तरी हा लाभ संपत नाही, पूर्ण द्यावा लागतो. जिला आज कुणी 'ब्रेक घ्या' म्हणत असेल तिने हा निकाल अर्जाला जोडावा.

'समान काम, समान वेतन' यावर ऑक्टोबर २०१६ चा पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग हा निकाल आहे. कायम माणसाचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या माणसाला निदान त्या वेतनश्रेणीची किमान पायरी मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. मात्र काम खरोखर तेच आहे हे दाखवायची जबाबदारी आपली. त्यामुळे ड्युटी चार्ट, रजिस्टरच्या प्रती, ऑर्डरी सगळं जपून ठेवा. तात्पुरत्या माणसाला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही असं सांगणारा २००६ चा उमादेवी निकाल सरकारी वकील हमखास पुढे करतात. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायालयाने म्हटलंय की वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांना नाकारायला उमादेवीची ढाल करू नका.

राज्यात मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे: अभियानात दहा वर्षं झालेल्यांना समकक्ष रिक्त पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. मुग्धा, तुझी आठ वर्षं आहेत. त्या निर्णयाच्या भरवशावर घराचा हिशोब बांधू नकोस.

---

रोखठोक_राबोडी | सोमवार, रात्री ११.००

बाळंतपणाचं वाचलं. यावर माझ्याकडे दुसरी बाजू नाही.

---

लेस्टरकर | मंगळवार, पहाटे २.१५

मूळचा पाचपाखाडीचा, आता इंग्लंडमध्ये सरकारी कराराखाली दात बघतो. इथली गोष्ट सांगतो, कारण पैसे कसे मोजले जातात त्याने उपचार कसा बदलतो हे इथे उघड दिसतं.

२००६ पासून इथे 'युनिट'वर, म्हणजे प्रत्येक उपचाराला ठरवून दिलेल्या गुणांवर, पैसे मिळतात. आधी एक फिलिंग केलं तरी तीन युनिटं मिळायची, सहा केली तरी तीनच. दाढेचं रूट कॅनॉल, दीड तासाचं काम, तरी तीन. तीच दाढ उपटली तरीही तीनच. ज्या पेशंटच्या तोंडात सगळ्यात जास्त काम, त्याला घेण्यात सगळ्यात जास्त तोटा. नोव्हेंबर २०२२ मध्ये थोडी दुरुस्ती झाली, तीन किंवा जास्त दातांना पाच आणि दाढेच्या रूट कॅनॉलला सात युनिटं. तोवर खूप जण सरकारी करार सोडून खाजगीत गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्याने सरकारी पेशंट घ्यायला सुरुवात केली तर रस्ताभर रांग लागली, पोलीस आले. श्रीमंत देशात. दातासाठी.

मुग्धा, तुमच्याकडे युनिट नाही, पण डोकी मोजतातच ना? महिन्याच्या अहवालात काय जातं?

---

कळव्याची_मुग्धा | मंगळवार, रात्री ९.३०

लेस्टरकरदादा, बरोबर जागी बोट ठेवलंत. अहवालात जातो तो आकडा: ओपीडी एकूण, दात काढले किती, फिलिंग किती, रूट कॅनॉल किती. रूट कॅनॉल तीन वेळा बोलावून पाऊण-पाऊण तास केलं तरी रकान्यात '१'. तेवढ्या वेळात पंधरा दात काढले तर '१५'. आढावा बैठकीत ज्याचे आकडे जास्त त्याचं नाव घेतात. सुनंदाताईंच्या मिस्टरांशी कुणी वीस मिनिटं बोललं, त्याला माझ्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

पगाराकडे मी याच नजरेने बघते. तीस हजारांत आणि अकरा महिन्यांच्या बोलीवर माणूस टिकत नाही. टिकत नाही म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी नवीन मुलगी येते, तिचा हात बसेपर्यंत ती दात काढायलाच धजते, दाताच्या मुळात शिरून रूट कॅनॉल करायला नाही. आणि जी टिकते ती उद्या ऑर्डर मिळेल की नाही या भीतीने 'कॉम्प्रेसर दुरुस्त करा' असं दोनदा सांगत नाही. मीही नाही सांगितलं. अण्णा, तुम्ही आवक क्रमांक विचारलात ना, तो नाहीये. तोंडी सांगितलं, फोन केले, व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. लेखी एकदाही नाही. घाबरत होते.

---

अण्णा_चरई | मंगळवार, रात्री ९.५०

मग उद्याच टाका. 'खुर्ची नादुरुस्त' असं लिहू नका, त्यावर फक्त 'पाहिले' असा शेरा येतो. तारखेनिशी लिहा: अमुक तारखेपासून एअरोटर बंद, या काळात वाचवता येण्यासारखे इतके दात काढावे लागले. आकडा लिहा. प्रशासनाला आकडा समजतो. दोन प्रती, एकीवर पोच घ्या. आणि रुग्ण कल्याण समितीला प्रत द्या, किरकोळ दुरुस्तीचा खर्च तिथून होऊ शकतो.

---

ऐरोली_लोकल | मंगळवार, रात्री १०.०५

अण्णांना निवृत्त कुणी होऊ दिलं? :)

---

रोखठोक_राबोडी | मंगळवार, रात्री १०.४०

माझं मत थोडं सरकलंय, प्रामाणिकपणे सांगतो. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, काका, मी सरकारीत अर्ज केला होता, पण आईने विचारलं की अकरा महिन्यांनी काय? म्हणून गेले नाही. म्हणजे खाजगीतल्या पंधरा हजारांना ती चिकटून राहिली कारण तिथून कुणी दर वर्षी उठवत नव्हतं.

तरी एक मुद्दा सोडणार नाही. कायम झाल्यावर अकरा वाजता येऊन बारा वाजता जाणारेही आहेत. पगार द्या, फंड द्या, रजा द्या, आणि हजेरीही तितकीच कडक ठेवा.

---

सानपाडा_खुर्ची | मंगळवार, रात्री १०.५५

शंभर टक्के सहमत. पण हजेरीबरोबर बायोमेट्रिकने कॉम्प्रेसरचीही हजेरी लावा.

---

डॉ_रातपाळी | बुधवार, सकाळी ८.००

मुग्धा, मूळ प्रश्नाकडे. आम्ही सगळे इथे बसून 'सोडू नकोस' म्हणणं फार सोपं आहे. तुझ्या जाण्याने रांगेतल्या लोकांचं नुकसान होईल, हे खरं. पण ते नुकसान तू करत नाहीस. ज्यांनी आठ वर्षं तुला एका दिवसाच्या ब्रेकवर टांगून ठेवलं ते करतात. घोडबंदरला गेलीस तर डोकं वर ठेवून जा.

---

नेरुळची_ऊर्मी | बुधवार, सकाळी ८.४५

हेच म्हणायचं होतं. आणि मान-कंबरेकडे बघ गं. मी तिशीत होते तेव्हाच मानेचा पट्टा लागला. पंचेचाळीस वेळा रोज वाकायचं, स्टूलची उंची वरखाली होत नाही, अशाने चाळिशीला हात थरथरायला लागतात. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेत ना? सुई टोचली तर नोंद करतेस ना?

---

कळव्याची_मुग्धा | शनिवार, दुपारी ४.२०

उशिरा आले, माफ करा. डोस तिन्ही झालेत, ऊर्मी. सुई दोनदा टोचली, नोंद एकदाच केली होती. आता दुसरीचीही केली.

बुधवारी रात्री रजिस्टर घेऊन बसले. एअरोटर बंद पडल्या तारखेपासून आजपर्यंतची प्रत्येक ओळ पाहिली. चालू एअरोटर असता तर वाचले असते असे दात मी पेन्सिलने टिंबं करून मोजले. एकतीस निघाले. सोळा वर्षांची ती मुलगी त्यातली अकरावी. अण्णांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं, दोन प्रती केल्या, आवक-जावकला दिलं. तिथल्या बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का जरा जोरातच मारला. समितीला प्रत दिली. काल दुपारी अधीक्षकांनी बोलावलं. मला वाटलं झापणार. त्यांनी विचारलं, "एकतीस? नक्की?" मी रजिस्टर पुढे ठेवलं. ते पानं उलटत राहिले. कॉम्प्रेसर बघायला सोमवारी माणूस येतोय. जिन्याखालून हलवायचं म्हणतात, जागा बघताहेत.

सहीचं. नवऱ्याशी बोलले, सासऱ्यांशीही बोलले. घोडबंदरच्या क्लिनिकला सांगितलंय की संध्याकाळी तीन दिवस येईन, पूर्णवेळ नाही. माझ्या ऑर्डरमध्ये खाजगी प्रॅक्टिसला बंदी नाही, केतकीताईंना ती पाठवून खात्री करून घेतली. इथे या वेळी सही करतेय, पण सोबत एक अर्ज जोडून: आठ वर्षांच्या नऊ ऑर्डरी, ड्युटी चार्ट, आणि किमान वेतनश्रेणीची मागणी. जिल्ह्यातल्या आणखी सहा कंत्राटी दंतवैद्यांना फोन केले. चौघी आणि एक जण सही करायला तयार आहेत. सहावी म्हणाली, माझी ऑर्डर पुढच्या आठवड्यात संपतेय, ती हातात आली की करते. मी तिला आग्रह केला नाही.

पुढच्या अकरा महिन्यांत काही हललं नाही तर जाईन. हे घरी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

---

केतकी_वि | शनिवार, संध्याकाळी ६.०५

अर्जाचा मसुदा पाठव. आज रात्री बघते. त्या सहावीला सांग, नाव नंतर जोडता येतं.

---

दिव्याची_सुनंदा | शनिवार, रात्री ८.३०

मिस्टरांना वाचून दाखवलं. ते विचारतात, त्या मुलीच्या रिकाम्या जागेचं आता काय? शेजारचे दात कलतात ना, आमच्या बाईंनी सांगितलं होतं.

---

कळव्याची_मुग्धा | शनिवार, रात्री ८.५०

हो, कलतात. तिला बोलावलंय बुधवारी. तिच्या डाव्या बाजूच्या दाढेलाही कीड लागायला सुरुवात झाली आहे. सोमवारी एअरोटर चालू झाला, तर ती वाचेल.